सूक्ष्मशैवालाची आरोग्यपारख : स्वागताध्यक्षीय भाषण



संवर्धित सूक्ष्मशैवालाचे आरोग्य आणि प्रत यांच्या देखरेखीचा विचार करण्यासाठी ही परिषद भरली आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे रेल्वेने घडवलेले गाव. पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येथील स्थानकापासून बार्शीपर्यंत १८९७ साली अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. इंजिनाच्या वा डब्याच्या कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हा नियम तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखणीतच पाळला होता, आणि म्हणूनच हलक्या रुळांवरून भरपूर माल वाहून नेणे शक्य झाले. मोजमापाची ही शिस्त या गावाने रेल्वे कारखान्यातही जोपासली असल्याने, मोजमाप हाच ज्या परिषदेचा गाभा आहे तिचे यजमानपद कुर्डुवाडीला विशेष मोलाचे वाटते.

सूक्ष्मशैवाल म्हणजे केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे आणि सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे जलजीव होत. स्पिरुलिना हा काटेकोर वर्गीकरणात नीलहरित जीवाणू असला, तरी संवर्धनाच्या व्यवहारात तो शैवालांतच गणला जातो. त्याच्या कोरड्या भुकटीत निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, आणि तो अल्कधर्मी, म्हणजे खारवट सोड्याच्या पाण्यात जोमाने वाढतो; बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे त्याचे महाराष्ट्रातील नैसर्गिक घर आहे. जून २०२० मध्ये याच सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तो रंग एखाद्या शैवालाचा असावा असा तर्क प्रथम झाला. परंतु पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासल्यावर तो क्षारप्रिय आर्किया या जीवाणूसदृश सूक्ष्मजीवांचा असल्याचे निष्पन्न झाले. पाण्याच्या रंगावरून आतल्या जीवांविषयी निर्णय देता येत नाही, हा धडा प्रत्येक संवर्धकाने गाठीशी बांधावा असा आहे.

या तालुक्यासाठी तो धडा अधिकच निकडीचा ठरतो, कारण भीमेवरील उजनी जलाशय येथून जवळ आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराच्या सांडपाण्यातून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस तेथे साठत जातात, आणि या खुराकावर शैवाल अनिर्बंध माजून पाणी हिरवे पडते. हौदात लावलेले स्पिरुलिनाही हिरवे आणि अशा जलाशयांत फोफावणारे मायक्रोसिस्टिसही हिरवेच. मात्र मायक्रोसिस्टिसचे काही वाण यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन हे विष निर्माण करतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्यासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, यावरून उघड्या हौदात शिरणाऱ्या परक्या जीवांवर किती कडक नजर हवी हे ध्यानात यावे.

देखरेखीचा आरंभ साध्या साधनांनी होतो. पांढरी तबकडी काठीला बांधून पाण्यात सोडली असता ती किती खोलीवर दिसेनाशी होते, यावरून वाढीची दाटी कळते. स्पिरुलिनाच्या हौदात ही खोली दोन-तीन सेंटीमीटरवर आली की काढणीची वेळ जवळ आली असे समजले जाते. तथापि दाटी म्हणजे आरोग्य नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी स्पिरुलिनाचे तंतू मळसूत्रासारखे वेटोळे घेतलेले आणि अखंड दिसतात, तर ताण पडल्यावर ते तुटून आखूड होऊ लागतात. त्याच थेंबात भराभर फिरणारे रोटिफर हे भक्षक प्राणी दिसले, तर पुढील धोक्याची सूचना वेळेत मिळते. नायट्रोजन कमी पडला की स्पिरुलिना आपल्यातील फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य मोडून त्यावर गुजराण करतो, आणि त्यामुळे हौद पिवळट दिसू लागण्याआधीच रंगद्रव्याच्या मापनातून उपासमार उघड होते. प्रतिदीप्तिमापक हे उपकरण अंधारात ठेवलेल्या नमुन्यावर प्रकाशाचा झोत टाकून प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा किती कार्यक्षम आहे ते एका गुणोत्तराच्या रूपात सांगते. निरोगी हिरव्या शैवालात हे गुणोत्तर साधारण ०.६ ते ०.७ असते, परंतु नीलहरित वर्गात ते मुळातच कमी येत असल्याने प्रत्येक हौदाची तुलना त्याच्याच मागील नोंदींशी करणे श्रेयस्कर ठरते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात ही नोंद दुपटीने महत्त्वाची होते, कारण पाण्याचे तापमान ४० अंशांकडे सरकू लागले की वाढ मंदावते, प्रखर उन्हाने प्रकाशसंश्लेषण दबते आणि बाष्पीभवनामुळे क्षार वाढत जातात. म्हणून तापमान, पाण्याची पातळी आणि आम्ल-अल्कतेचे माप असलेला सामू यांची नोंद रोज ठराविक वेळी झाली पाहिजे. काढणीनंतर भुकटीतील ओलावा, जीवाणूंची संख्या आणि शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांसारख्या घातक धातूंची तपासणी टाळता येत नाही, कारण जो जीव पाण्यातील पोषणद्रव्ये शोषतो तो हे धातूही शोषून घेतो. दूधसंकलन केंद्रावर फॅट पाहून दुधाचा दर ठरतो, हे या भागातील घराघरांस ठाऊक आहे. शैवालाच्या भुकटीचे मोलही असेच तपासणीवर ठरावे, रंगावर वा जाहिरातीवर ठरू नये.

पुष्कळदा हे शैवाल अशक्त मुलांच्या आणि आजारी माणसांच्या आहारात जाते, म्हणून त्याच्या प्रतीची जबाबदारी ही माणसांविषयीची जबाबदारी आहे. लहान संवर्धकाला परवडतील अशा चाचण्या कोणत्या, त्या किती दिवसांनी कराव्यात आणि कोणता आकडा दिसताच काढणी थांबवावी, याची सर्वमान्य मराठी मार्गदर्शिका या परिषदेतून सिद्ध व्हावी आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी परिसरातील संवर्धकांसाठी आपली दारे उघडावीत, अशी स्वागत समितीची कळकळीची अपेक्षा आहे.