भर पावसातील पक्षिनिरीक्षण
(भाषणाचा मजकूर)

अमरावतीच्या राजापेठेतून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याकडे पावसाळ्यात जी रीघ लागते, ती धुके आणि धबधबे पाहण्यासाठी. दुर्बीण घेऊन निघालेला पक्षिनिरीक्षक तीत क्वचितच आढळतो. पक्षी पाहावेत ते हिवाळ्यात, हा समज वऱ्हाडात पक्का रुजला आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते. राज्य शासनाने २०२० मध्ये घोषित केलेला पक्षी सप्ताहही ५ ते १२ नोव्हेंबर असा आहे. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या आणि अखेरचा डॉ. सालीम अली यांच्या जन्माचा.

परंतु हिवाळी गणनेत पाहुण्यांचा भरणा मोठा असतो. चक्रवाक, पट्टकादंब हे उत्तरेकडून येतात आणि उन्हाळा तापण्यापूर्वी परततात. येथलेच रहिवासी असलेले बहुतेक पाणपक्षी विणीला लागतात ते पावसाळ्यात. तलाव हा पक्ष्यांचा केवळ विसावा आहे की त्यांचे घर, याचा उलगडा जुलै-ऑगस्टमध्येच होतो. आणि नेमके तेव्हाच तिकडे कोणी फिरकत नाही.

१,११८ मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या देवी तलावाकडून किंवा शक्कर तलावाकडून फार अपेक्षा ठेवू नये, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे. असे माथ्यावरचे तलाव लहान. वेली-गवताचा पसारा तेथे बेताचाच. पाण्यापेक्षा काठच्या झुडपांतच अधिक काही दिसते. मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येणारा चातक तेथे ओरडत असतो. तो स्वतः घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते. चातकाच्या विरहाची वर्णने पाठ असलेल्यांना हा व्यवहार सहसा ठाऊक नसतो.

घाट उतरून शहानूर किंवा चंद्रभागा धरणाच्या उथळ काठाशी, अथवा सपाटीवरील एखाद्या गावतळ्याशी आले, की चित्र पालटते. टिबुकलीचे घरटे पाणवनस्पतींना अडकवलेला तरंगता ढिगारा असतो. पाणी हळूहळू चढले तर तोही वर येतो. घरटे सोडताना ती अंड्यांवर ओला पाला ओढते. पिल्ले पाठीवर घेऊन पोहते. कमळपक्ष्याची मादी एका नराकडे अंडी सोपवून दुसऱ्याकडे जाते. उबवणे आणि पिल्ले सांभाळणे ही दोन्ही कामे नराची. घरटे बुडू लागले तर तो अंडी दुसरीकडे हलवतो. हळदी-कुंकू बदक मात्र काठच्या गवतात जमिनीवर अंडी घालते. तेथे गुरे शिरली वा पाणी एकाएकी चढले, की सारी वीण वाया जाते.

म्हणून काठ कसा आहे, याला महत्त्व आहे. २०१७ पासून राबविल्या जाणाऱ्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने शेताला सुपीक गाळ आणि धरणाला साठवणक्षमता मिळते, हे निर्विवाद. तथापि यंत्राने काठ सरळ उभा तासला, लव्हाळे मुळासकट काढले, तर पहिल्या पावसानंतर घरट्याला जागा उरत नाही. काठाचा एक भाग उतरता आणि गवताळ ठेवल्याने साठ्यात फारसा फरक पडत नाही. ग्रामपंचायतीने कामाचा आराखडा ठरतानाच हे सांगावे. यंत्र आल्यावर सांगून उपयोग नाही.

पाहणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. पाऊस उघडला की निघावे. मळकट हिरव्या रंगाचे कपडे घालावेत आणि दुर्बिणीची काच पुसायला कोरडे सुती फडके न्यावे. घरट्याजवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी तर नाहीच. पक्षी उठला की उघडी पडलेली अंडी पावसात गारठतात. कावळेही टपलेले असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना पोहोचवलेला उपद्रवही येतो.

शाळांना यात करण्याजोगे काम आहे. गावच्या तळ्यावर जुलै ते सप्टेंबर दर आठवड्याला एकाच ठरावीक जागेवरून पाहावे. तारीख, पाण्याची पातळी, दिसलेली घरटी आणि पुढे पाण्यावर आलेली पिल्ले एवढेच वहीत लिहावे. पक्ष्याचे पुस्तकी नाव ठाऊक नसेल तर गावात रूढ असलेले, मेळघाटात कोरकू नाव लिहावे. मेळघाटात वनाधिकारी राहिलेल्या चितमपल्लींनी मराठीत पक्षिकोश सिद्ध केला, त्यामागेही स्थानिक नावांची अशीच साठवण होती. पुढल्या उन्हाळ्यात गाळ काढण्याचा विषय ग्रामसभेत आला, की ती वही तेथे ठेवता येते.