शिट्टीला प्रत्युत्तर

पुण्याकडे निघालेल्या अनेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडतात. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाचा तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट आहे. मागच्या ‘बँकर’च्या चालकास पुढचा सिग्नल दिसत नाही. पुढच्याने ब्रेक लावला आणि मागचा रेटतच राहिला, तर मधले डबे रुळांवरून उचलले जाण्याचा धोका. म्हणून पुढच्याने शिट्टीचा संकेत द्यावयाचा व मागच्याने शिट्टीनेच तो पोहोचल्याचे कळवावयाचे, अशी जुनी शिस्त आहे. आता जोडीला वॉकीटॉकी आला.

खालापूर तालुक्यात, खोपोलीसारख्या कारखान्यांच्या गावी पाळी बदलताना प्रश्न हाच असतो. जाणारा कामगार ‘तो व्हॉल्व्ह बंद ठेवा’ एवढे सांगून बस गाठतो. येणाऱ्याने कोणता व्हॉल्व्ह समजून घेतला? नोंदवहीत सही तेवढी असते. (सरकारी कचेऱ्याही यास अपवाद नाहीत.) येणाऱ्याने सूचना स्वतःच्या शब्दांत परत सांगावी. ती चुकली, तरी वरिष्ठाने रागावू नये; तो रागावला, की दुसऱ्या दिवसापासून माणसे न समजताही मान डोलावू लागतात.