शमुवेलाची रात्र

संमेलनाध्यक्षाने ख्रिस्ती मराठी साहित्याचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. 1842 मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, आणि त्यांच्या मागून आलेली चरित्रे, कविता, प्रवचनसंग्रह ही वाट आपल्या सर्वांच्या पायाखालची आहे. म्हणून तो आढावा इथेच थांबवतो. मनात बरीच वर्षे एकच तक्रार आहे आणि आज ती मांडल्यावाचून मला राहवत नाही.

आपण पंडिता रमाबाईंचे दोन तुकडे केले आहेत. मराठी सुधारणावादी लेखकांनी बहुतेक वेळा ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिणारी, विधवांसाठी शारदा सदन काढणारी रमाबाई ठेवून घेतली आणि गुडघे टेकणारी रमाबाई बाजूला सारली. आपण ख्रिस्ती लेखकांनी उलटे केले. केडगावची प्रार्थना करणारी बाई आपण देव्हाऱ्यात बसवली आणि बिशपांना खडे बोल सुनावणारी बाई प्रवचनातून वगळली. एकाला तिची प्रार्थना अडचणीची वाटते, दुसऱ्याला तिची बंडखोरी. माझे म्हणणे असे, की ही दोन्ही एकाच मुळाची फळे आहेत. ते मूळ म्हणजे देवाचे आज्ञापालन. ते न समजल्यामुळे आपल्या मंडळ्यांत आध्यात्मिक नेतृत्वाचा अर्थच बिघडला आहे.

हे समजायला बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याकडे जावे लागते. लोकांनी त्याला बाजूला सारून राजा मागितला. दुखावलेला पुढारी अशा वेळी घरी बसतो. शमुवेलाने मात्र सांगितले, की तुमच्यासाठी प्रार्थना करणे मी सोडले तर ते देवाविरुद्ध माझे पाप ठरेल. पुढे त्या राजाने, शौलाने, देवाची आज्ञा मोडली, तेव्हा शमुवेल रात्रभर देवापुढे रडला आणि पहाटे उठून शौलाच्या तोंडावर त्याचा अपराध बोलला. या दोन कृतींमध्ये फक्त एक रात्र आहे. जो रात्री रडत नाही, त्याचा सकाळचा शब्द नुसता दरारा असतो. जो सकाळी बोलत नाही, त्याचे रात्रीचे रडणे देवापर्यंत पोहोचले तरी शौलापर्यंत पोहोचत नाही. आज आपल्याकडे दरारा आहे आणि ध्वनिक्षेपकावरचे रडणेही आहे. ती एक रात्र मात्र हरवली आहे.

रमाबाईंमध्ये ती सापडते. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर लवकरच त्यांनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई नम्र आहेत, पण हटत नाहीत. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीचे जू मानेवर घेणार नाही, देवाने दिलेली सद्सद्विवेकबुद्धी कुणाच्या स्वाधीन करणार नाही, हा त्या पत्रांचा गाभा आहे. ही पत्रे 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध केली. म्हणजे ती दडलेली नाहीत. आपण ती उघडत नाही.

आता 1893 चे पुणे पाहा. शारदा सदनात धर्मप्रसार होणार नाही, असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेसह प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. गहजब झाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार म्हणून राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांची बाजू पोकळ नव्हती. पालकांचा विश्वास ही त्यांच्याकडे ठेव होती आणि उघड्या दाराचाही प्रभाव पडतो, हे नाकारता येणार नाही. तरी दार लावून प्रार्थना करणे ही बाईंच्या लेखी अवज्ञा ठरली असती. इंग्लंडात धर्माधिकाऱ्यांपुढे न वाकलेली बाई पुण्यात लोकमतापुढेही वाकली नाही. 1905 च्या जानेवारीत तिनेच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली. आधी 70 जणी पुढे आल्या. जूनअखेर आध्यात्मिक जागृती आली तेव्हा 550 जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. यातल्या कित्येक दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या. ज्यांच्यासाठी इतरांनी मध्यस्थी करायची, त्याच इतरांसाठी मध्यस्थी करू लागल्या. नेतृत्वाची याहून खरी खूण मला माहीत नाही.

यावर गंभीर आक्षेप असा, की जो तो ‘ही देवाची आज्ञा’ म्हणू लागला तर मंडळी टिकायची कशी? धोका खरा आहे. पण कसोटीही शमुवेलाच्याच गोष्टीत आहे. शौलाने उत्तम मेंढरे राखली आणि ती यज्ञासाठी आहेत असे सांगितले. आज्ञा आणि लाभ एकाच दिशेला जाऊ लागले, की संशय घ्यावा. रमाबाईंना आज्ञापालनाने आश्रयदाते गमवावे लागले. शिवाय त्यांनी स्वतःच्या बुद्धीलाही मोकळे सोडले नाही. देवाचा शब्द साध्या बायाबापड्यांना कळावा म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गढून राहिल्या. जो आज्ञा ऐकल्याचे सांगतो, त्याने ती वाचण्याचे कष्ट घेतलेत का, हे मंडळीने विचारलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप जुना आहे: देव सर्वज्ञ, तर मध्यस्थी कशाला? अब्राहाम सदोमासाठी पन्नासांवरून दहांवर आला. ते त्याचे स्वतःचे नगर नव्हते. लोकांनी सोन्याचे वासरू पुजल्याच्या पापानंतर मोशेला नव्या राष्ट्राचा मूळपुरुष होण्याची संधी होती. त्याने ती नाकारली आणि क्षमा नसेल तर माझेही नाव पुसून टाक, असे म्हटले. मध्यस्थी म्हणजे देवाला माहिती पुरवणे नव्हे. दुसऱ्याच्या शिक्षेच्या जागी जाऊन उभे राहणे, हा तिचा अर्थ. आणि ते यशाचे हमीपत्रही नाही. यिर्मयाला तर या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस, असेच सांगितले गेले. गेथशेमानेत खुद्द प्रभूचा प्याला टळला नाही. आज्ञापालन मात्र तिथेच पूर्ण झाले. म्हणून प्रार्थनेच्या उत्तराची खात्री देणारा आणि त्या बळावर स्वतःच्या आज्ञा चालवणारा पुढारी मला शौलाच्या वंशातला वाटतो. हे शब्द कठोर आहेत. मी ते मागे घेणार नाही.

हा विषय व्यासपीठाचा नाही, चर्चच्या वेदीचा आहे, असे कुणी म्हणेल. पण पुढाऱ्याचे चित्र मंडळीच्या मनात चरित्रांतूनच तयार होते, आणि चरित्रे आपण लिहितो. तेव्हा दोन-तीन कामे सुचवतो. रमाबाईंची निवडक पत्रे स्वस्त मराठी पुस्तिकेत यावीत. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत वर्षानुवर्षे इतरांसाठी प्रार्थना करणाऱ्या वृद्ध बायांचे बोलणे कुणीतरी टिपून ठेवावे. कोणी, कसे, कोणत्या पैशाने, हे बसून ठरवता येईल. आणि रमाबाईंचे पुढचे चरित्र लिहिणाऱ्याला, तो ख्रिस्ती असो वा नसो, माझी कळकळीची विनंती आहे: वाँटेजची पत्रे आणि मुक्तीतली प्रार्थना एकाच प्रकरणात लिहा.