सणांचे मर्म आणि मारुतीची पायरी
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



आज आपल्या मारुतीरायाच्या मंदिरावर कळस चढला. कोणी हजारांनी दिले, कोणी पायलीभर ज्वारी दिली, कोणी अंगमेहनत दिली. सर्वांना माझे वंदन. सणांच्या आध्यात्मिक अर्थावर मी दोन शब्द बोलावेत, असे समितीने सांगितले. मी कीर्तनकार नव्हे. तहसील कचेरीतला कारकून. तेव्हा जे पाहिले, तेच सांगतो.

आपले सण म्हणजे ऋणाची आठवण होय. आखाजीला घागर भरून आपण पितरांना आठवतो. नागपंचमीला नांगर धरत नाही, जमीन खणत नाही. भुईच्या पोटातील जिवालाही एक दिवस अभय देतो. पोहरादेवीकडील तांड्यांवर तीजेला बंजारा मुली टोपलीत गहू पेरून त्याची निगा राखतात. दसऱ्याला अवजारे पुजतो. ज्याच्यावर आपले पोट चालते, त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी वाकावे, हेच ह्या सर्वांचे मर्म.

ते सर्वांत उघड दिसते पोळ्याला. श्रावण अमावास्येच्या आदल्या सांजेला आपण बैलांचे खांदे शेकतो. जुवाने घट्टे पडलेल्या जागी हळद-तूप चोळतो आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. दुसऱ्या दिवशी जू नाही, चाबूक नाही. आंघोळ, झूल, बाशिंग, घुंगरमाळ. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या होतात, मारुतीचे दर्शन होते. घरी आल्यावर घरधनीण त्यांचे पाय धुते. पुरणपोळी आधी बैलाला, मग घरच्यांना.

सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, पिकाची नोंद असते. ते पीक ज्याने उभे केले, त्या बैलासाठी तिथे रकाना नाही. तो रकाना आपल्या पूर्वजांनी पंचांगात ठेवला.

भागवताच्या पहिल्या स्कंधात कथा आहे. परीक्षित राजाला एका पायावर उभा असलेला बैल दिसतो आणि कली त्याला मारीत असतो. तो बैल म्हणजे साक्षात धर्म. तप, शौच आणि दया हे त्याचे तीन पाय मोडलेले; सत्याचा तेवढा उरलेला. धर्म राजाच्या पुढे आला तो मार खाणाऱ्या मुक्या जनावराच्या रूपाने, हे आपण ध्यानी घ्यावे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. लहान तोंडी मोठा घास वाटल्यास क्षमा असावी. मंदिरापुढे नवी फरशी बसली आहे. ती शेणाने खराब होईल, म्हणून येत्या पोळ्याला बैल पायरीपर्यंत न आणता बाहेरूनच न्यावेत, असे एक मत निघाले आहे. त्यात कोणाचा वाईट हेतू नाही, हे मी जाणतो. पण ट्रॅक्टर आल्यापासून बैल उरले कोणाच्या दाराशी? बहुतेक दोन-चार एकरवाल्याच्याच.

आमच्या घरी एकच बैल होता. दुसरा शेजाऱ्याचा, सावडीने शेती चाले. मानाची जोडी पुढे, आमची अगदी शेवटी. पण पायरीला आमच्याही बैलाचे डोके टेकत असे. मी दहावीत असताना तो बैल विकावा लागला. पुढच्या पोळ्याला वडील नुसता कासरा घेऊन गेले. तो त्यांनी पायरीवर ठेवला, नमस्कार केला आणि परत आले. तेव्हा मला त्याची लाज वाटली. आज कळते की माझ्या नोकरीची पहिली भाकर त्या बैलाने मिळवली होती. तो कासरा अजून आमच्या घरी खुंटीला आहे.

म्हणून हात जोडून विनंती करतो. पोळ्याच्या दिवशी फरशीवर गोणपाट अंथरून वर माती पसरावी, म्हणजे खूरही घसरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी फरशी धुण्याचे काम माझ्याकडे आणि माझ्या मुलांकडे द्यावे. दात्यांची फरशी जशीच्या तशी लख्ख करून देऊ.

कळस लांबून दिसतो. पायरीला मात्र जवळ येऊन टेकावे लागते. ती पायरी शेवटच्या जोडीलाही मोकळी असावी, एवढेच मागून आपली रजा घेतो.

बोला, बजरंगबली की जय!