उबुंटू घेताना आकडा बघा

संगणकावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो: कोणती आवृत्ती? उत्तर बरंचसं आकड्यातच असतं. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, २४.१० म्हणजे त्याच वर्षीचा ऑक्टोबर. नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, याच महिन्यांत येते. २००६ साली मात्र एक आवृत्ती जूनपर्यंत रखडली, म्हणून तिचा आकडा ६.०६!

नवी ती चांगलीच, असं इथे नाही. दर दोन वर्षांनी, सम सालच्या एप्रिलमधली आवृत्ती दीर्घ मुदतीची. तिच्यापुढे ‘एलटीएस’ लिहिलेलं असतं. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या ५ वर्षं मोफत मिळतात. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम ९ महिने, की पुन्हा बदला! घरचा हिशेब, मुलांचा अभ्यास, दुकानाची बिलं यांसाठी डोळे झाकून एलटीएस घ्या. मधली घ्यावी ती हौशी मंडळींनी, किंवा ज्यांच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपचं वायफाय एलटीएसवर चालतच नाही त्यांनी.

संगणक जुना असेल तर लुबुंटू बघा. गाभा तोच, पडद्यावरचा डामडौल कमी. तिच्या एलटीएसला मात्र ३ वर्षंच.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं तपासा. आणि इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी फोटो-कागदपत्रांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा.