पदभार : एका प्रशिक्षिकेची अडतीस वर्षे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांस क्रीडाक्षेत्रातील एखाद्या व्यक्तीविषयी बोलण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादा क्रिकेटपटू असावा. परंतु क्रिकेटविषयी आमच्याहून अधिकाराने बोलू शकणारी चाळीसेक माणसे या सभागृहातच बसलेली आहेत. म्हणून आम्ही अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीची निवड केली आहे. पॅट समिट हे त्यांचे नाव. महाविद्यालयात बास्केटबॉल खेळलेल्या या बाई वयाच्या बाविसाव्या वर्षी टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षिका झाल्या आणि त्याच पदावर अडतीस वर्षे राहिल्या. केंद्र सरकारच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या आमच्यासारख्याला प्रथम त्या अडतीस या आकड्याचाच मोह पडला, हे कबूल करावयास हरकत नाही.

त्यांचा जन्म १४ जून १९५२ चा. माहेरचे आडनाव हेड. वडील शेतकरी आणि शिस्तीचे कडक. घरी तीन थोरले भाऊ, आणि त्यांच्यासंगे गवताच्या माळ्यावर रंगणारा बास्केटबॉल. राहत्या ठिकाणच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी सारे कुटुंब शेजारच्या परगण्यात हलविले. मुलाच्या शिक्षणासाठी बदलीचे अर्ज करणारे पुष्कळ बाप आम्ही पाहिले आहेत; मुलीच्या खेळासाठी घर हलविणारा बाप अद्याप पाहण्यात आलेला नाही. पुढे १९७० साली महाविद्यालयाची वेळ आली. तिन्ही भाऊ खेळाच्या शिष्यवृत्तीवर शिकले होते. बहिणीची फी मात्र आईवडिलांना भरावी लागली, कारण मुलींना अशी शिष्यवृत्ती मिळतच नव्हती.

१९७४ मध्ये नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठात त्या साहाय्यक म्हणून काम करीत पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी आल्या. तोच आधीच्या प्रशिक्षिका पदावरून दूर झाल्या आणि मुख्य पदाचा भार या नवख्या मुलीवर येऊन पडला. वेतन महिना २५० डॉलर. खेळाडूंची गाडी चालविण्यापासून त्यांचे गणवेश धुण्यापर्यंत सर्व कामे बाईंकडेच. आणि ते गणवेशही आदल्या वर्षी डोनट विकून जमविलेल्या पैशांतून आणलेले. काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम एक वर्षाने लहान होत्या. पहिलाच सामना एका गुणाने हातचा गेला. हे सारे चालू असताना बाई स्वतःचा दुखावलेला गुडघा सावरून खेळाडू म्हणूनही सराव करीत होत्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्यात अमेरिकेच्या संघाला रौप्यपदक मिळाले आणि त्या संघात त्या होत्या. पुढे १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाच्या त्या प्रशिक्षिका होत्या.

आता एका नियमाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण नियम हा आमचा जिव्हाळ्याचा विषय आहे. त्या काळी टेनेसीच्या शाळांत मुलींचा बास्केटबॉल निराळ्या पद्धतीने खेळला जाई. एका संघात सहा मुली. तिघींनी अर्ध्या मैदानात केवळ बचाव करावयाचा, तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात केवळ चढाई करावयाची. मधली रेषा कोणीही ओलांडावयाची नाही. बचाव करणारीला आयुष्यात एकदाही बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी नाही! संपूर्ण मैदानभर धावणे मुलींच्या नाजूक प्रकृतीला झेपणार नाही, ही त्यामागची जुनी समजूत. अशा शाळांतून विद्यापीठात आलेल्या मुलीला निम्माच खेळ येत असे. समिटबाईंनी राज्याच्या शालेय क्रीडासंस्थेला स्पष्ट कळविले की, ही पद्धत चालू राहणार असेल तर आम्ही खेळाडू राज्याबाहेरून आणू. १९७९-८० च्या हंगामापासून टेनेसीच्या शाळकरी मुली पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ खेळू लागल्या. निवेदने, शिष्टमंडळे आणि स्मरणपत्रे यांत हयात गेलेल्या आम्हा मंडळींना या एका वाक्याच्या इशाऱ्याचा हेवा वाटावा.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती आपल्या घराजवळची आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. त्यातील ‘नववे प्रकरण’ प्रसिद्ध आहे: संघराज्य सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करता कामा नये. हळूहळू मुलींच्या खेळाला पैसा मिळू लागला, शिष्यवृत्त्या आल्या, प्रशिक्षकांची वेतने वाढली. येथपर्यंत ठीक. परंतु १९७२ पूर्वी महाविद्यालयीन महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना स्त्रियाच शिकवीत असत. पैसा आल्यानंतर ते प्रमाण उतरत निम्म्याहून खाली गेले. पगार नव्हता तोवर ती पदे बायकांची होती. पगार सुरू होताच त्या पदांना पुरुष उमेदवार मिळाले. कार्यालयात एखाद्या दुर्लक्षित पदाची वेतनश्रेणी वाढली की त्याकडे कोणाकोणाच्या नजरा वळतात, हे येथील सरकारी मंडळींस सांगावयास नको.

आपल्या मंडळाच्या मुलींच्या संघासाठी वेतनी प्रशिक्षिका नेमण्याचा ठराव दोन वर्षे कार्यकारिणीपुढे पडून आहे. मुली लग्न होऊन जातील, मग एवढा खर्च कशाला, हा त्यावरचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. मुलगेही नोकरीसाठी गाव सोडून जातातच. त्यांच्या क्रिकेटच्या जाळ्यांचा खर्च कोणी थांबविलेला नाही. ठराव मंजूर व्हावा, असे आमचे मत आहे. मात्र ठरावात ‘प्रशिक्षिका’ हा शब्द आहे; मंजुरीनंतर जाहिरात निघेतो त्याचा ‘प्रशिक्षक’ होऊ नये, याकडे भगिनींनी लक्ष ठेवावे. याच मंडळाच्या मैदानावर खेळून मोठ्या झालेल्या, पदवीधर झालेल्या मुली आपल्या शहरात आहेत.

समिटबाईंना पद सोडून वर जाण्याची संधी नव्हती असे नाही. १९९० नंतरच्या दशकात आणि पुन्हा २००१ मध्ये त्यांना पुरुष संघाचे प्रशिक्षकपद द्यावे अशी बोलणी झाली. त्यांनी ते नाकारले. पुरुषांचा संघ म्हणजे बढती, हेच त्यांना मान्य नव्हते.

राष्ट्रीय अजिंक्यपदाची त्यांनी प्रथम तेरा वर्षे वाट पाहिली. पहिले १९८७ मध्ये मिळाले, आठवे आणि शेवटचे २००८ मध्ये. १९९७-९८ च्या हंगामात तर त्यांचा संघ ३९ सामने खेळून ३९ जिंकला. एकंदर विजय १,०९८. आम्हांस याहून मोठा वाटतो तो दुसरा हिशेब. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावयाचे आणि तास चुकवावयाचा नाही, अशी त्यांची खेळाडूंना सक्त ताकीद असे. आणि त्यांच्या हाताखाली महाविद्यालयीन खेळाची मुदत पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली.

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, बाईंनी जाहीर केले की आपणांस अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश जडला आहे. शेकडो डावपेच, प्रत्येक मुलीची दुखापत, तिच्या घरची परिस्थिती, हे सारे तोंडपाठ असणाऱ्या बाई! सेवेत असतानाच स्वतःचे दप्तर एकेक कागदाने रिकामे होताना पाहणे म्हणजे काय, याची कल्पनाही आम्हांस करवत नाही. त्यांनी आजार लपविला नाही आणि रजाही घेतली नाही. आणखी एक पूर्ण हंगाम त्या संघापाशी बसल्या. सामन्यातले पुष्कळसे निर्णय साहाय्यक प्रशिक्षिकांवर सोपवीत गेल्या. आम्ही कितीतरी ठिकाणी पदभार घेतला आणि दिला आहे. बहुतेक वेळा तो कपाटाच्या किल्ल्या आणि एका सहीपुरता असतो. येथे तो देण्यास सबंध एक वर्ष लागले.

एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्या जागी आल्या त्या हॉली वॉर्लिक. विद्यार्थिनी म्हणून समिटबाईंकडे खेळलेल्या आणि पुढे सत्तावीस वर्षे त्यांच्या साहाय्यक राहिलेल्या. २८ जून २०१६ रोजी बाई वारल्या. २०१९ मध्ये वॉर्लिक यांच्यानंतर ते पद केली हार्पर यांच्याकडे आले आणि २०२४ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. १९९६, १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ तीन वर्षे अजिंक्य ठरलेल्या समिटबाईंच्या संघात हार्पर खेळत होत्या.