गाळलेले पाणी आणि सोडलेले पाणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त पिंगळी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जैन घराची ओळख पूर्वी उंबरठ्यावरच पटत असे. माठाच्या तोंडाला बांधलेले स्वच्छ, जाड, दुपदरी गाळणे दिसले, की घर श्रावकाचे आहे हे वेगळे सांगावे लागत नसे. पाणी गाळल्याशिवाय प्यावयाचे नाही आणि गाळल्यानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे उलटली की ते पुन्हा गाळावयाचे, हा नियम आजीकडून सुनेकडे आणि सुनेकडून नातवंडांकडे आला. या नियमाचा दुसरा अर्धा भाग मात्र आज विस्मरणात गेला आहे. पाणी गाळून झाल्यावर गाळण्यात राहिलेली जिवाणी गाळलेल्या पाण्यानेच हळुवार धुऊन, ज्या विहिरीतून पाणी आणले त्याच विहिरीत परत सोडावयाची असे. घेतलेल्या पाण्याइतकीच परत दिलेल्या पाण्याचीही जबाबदारी श्रावकावर आहे, हा त्यामागील विचार होता. आजच्या विषयाचे मर्म या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

पहिल्या भागाची महती आता विज्ञानानेही मान्य केली आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ डॉ. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात ६५ खेड्यांमध्ये, सुमारे १ लाख ३३ हजार लोकांमध्ये एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून तळ्याचे पाणी गाळले, तेव्हा पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडाच्या विणीत अडकतात. वापरून मऊ झालेल्या जुन्या कापडाचा धागा फुलतो व वीण दाट होते, म्हणून जुनी साडी नव्यापेक्षा अधिक चांगली ठरली.

तथापि कापडाला मर्यादा आहे. पाण्यात तरंगणारे ते अडवते. पाण्यात विरघळलेले मात्र, मग ते साबणाचे क्षार असोत, रासायनिक खत असो वा रंग असो, कितीही पदरी कापडातून निघून जाते. तलावांना आज ग्रासणारा रोग या विरघळलेल्या द्रव्यांचाच आहे.

कोल्हापूरचा रंकाळा हे त्याचे आपल्या राज्यातील बोलके उदाहरण होय. दगडाच्या जुन्या खाणीच्या जागी हा तलाव झाला, अशी जनश्रुती आहे. सुमारे १०७ हेक्टरांचा विस्तार, काठावर संध्यामठ आणि शालिनी पॅलेस, सायंकाळी फिरावयास येणारे नागरिक, असे त्याचे वैभव. नगर वाढले, भोवती वसाहती उठल्या आणि नाल्यांचे सांडपाणी तलावात उतरू लागले. प्रथम जलपर्णीने पाणी झाकले. ती काढली, तरी पुढे २०१२-१३ च्या सुमारास पाणी हिरव्या रंगासारखे दिसू लागले व दुर्गंधी सुटली. तो निळ्या-हिरव्या शेवाळाचा फुगारा होता. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, सांडपाणी वळविण्याची कामे झाली. परंतु जितके सांडपाणी येत राहिले तितका रोगही राहिला.

हा रोग कसा होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. सांडपाण्यात, धुण्याच्या पावडरीत आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतात फॉस्फरस व नायट्रोजन असतात. पिकाला जे खत, तेच शेवाळालाही खत. शेवाळ माजले, की सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही व तळाच्या वनस्पती मरतात. रात्री शेवाळ स्वतःच प्राणवायू ओढून घेते. ते मेल्यावर कुजताना उरलेला प्राणवायूही संपतो आणि पहाटे मासे पाण्यावर तडफडू लागतात. काही जातींचे शेवाळ विषारी असते आणि ते विष पाणी उकळूनही नाहीसे होत नाही. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस पुढे अनेक वर्षे हळूहळू पाण्यात मिसळत राहतो. म्हणजे बाहेरचा नाला बंद केला, तरी जुने कर्ज फिटावयास काळ लागतो.

फॉस्फरसच मुख्य दोषी आहे, हे कॅनडात १९७३ मध्ये एका तलावाचे पडद्याने दोन भाग करून सिद्ध करण्यात आले. दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन टाकले, एका भागात मात्र त्यांच्या जोडीला फॉस्फरसही टाकला. फॉस्फरस टाकलेला भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आणि रोग बरा होऊ शकतो, हे अमेरिकेतील सिएटल नगराने दाखविले. तेथील वॉशिंग्टन सरोवरात सांडपाणी सोडले जात असल्याने पाण्याची पारदर्शकता एक मीटरच्या आसपास उतरली होती. नागरिकांनी १९५८ मध्ये मतदान करून खर्चास संमती दिली, १९६३ ते १९६८ या काळात सर्व सांडपाणी सरोवरापासून वळविण्यात आले, आणि अल्पावधीतच तीन मीटरांहून खोल दिसू लागले. तेथे औषध टाकून तलाव बरा केला नाही. विष घालणे थांबविले, एवढेच केले.

आता आपल्या समाजाकडे वळू. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा व्यवसाय, अर्थात कर्मादाने, सांगितली आहेत. त्यांत चौदावे आहे सर-द्रह-तडाग-शोषण, म्हणजे सरोवरे, डोह व तळी आटविणे. साधूंच्या पाच समितींपैकी शेवटची समिती तर मलमूत्र व टाकाऊ वस्तू कोठे व कशा टाकाव्यात यासंबंधीच आहे. जेथे जीवांना बाधा होणार नाही, तेथेच. ज्या परंपरेने टाकण्याच्या क्रियेला व्रताचा दर्जा दिला, तिच्या अनुयायांच्या मोरीचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

तो प्रश्न मोरीपाशी थांबत नाही, दुकानाच्या गादीपर्यंत येतो. आपल्या समाजातील अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या व्यापारात आहेत. कापड विकण्यात हिंसा नाही, असे समाधान मानले जाते. पण कापडाला रंग कोठून येतो? तमिळनाडूतील तिरुपूर येथील रंगाईच्या कारखान्यांनी नोय्यल नदीची अशी दशा केली, की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईपर्यंत ते चालवू नयेत, असे बजावले. गाळण्याचे कापडही कापडच आणि नदी रंगविणारेही कापडच. स्वस्त थान मागणारा व्यापारी आणि त्याहून स्वस्त मागणारे गिऱ्हाईक यांनी त्या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली, हे एकदा तरी पाहावे. खतावणीत ती रक्कम कोठेच दिसत नाही, म्हणून ती नसते असे नाही.

मराठवाड्याला पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले. ज्या प्रदेशात पाणी आगगाडीने येते, तेथे साठलेले पाणी नासविणे हे अन्न फेकण्यासारखेच आहे. पिंगळीची प्राचीन बारव या प्रदेशाच्या जलसंस्कृतीची साक्षीदार आहे. वालूर, चारठाणा, आर्वी येथील बारवाही परभणी जिल्ह्याची भूषणे होत. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जावे लागे, म्हणून प्रत्येकाला पाणी डोळ्यांनी दिसे. ते घाण झाले तर त्याच दिवशी कळे. नळ आला आणि पाण्याकडे पाहण्याची सवय गेली.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, सांडपाणी उगमापाशीच अडवावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) या गावाने घरोघरी शोषखड्डे केले, गटारे कोरडी पडली, डास हटले, आणि तो उपक्रम ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून गाजला. दुसरी, नाला थेट तलावात न सोडता वाटेत गवत-लव्हाळ्यांच्या उथळ पट्ट्यातून न्यावा. वनस्पती क्षार शोषून घेतात व गाळ खाली बसतो. तिसरी, शेताच्या बांधावर गवत राखावे आणि मातीपरीक्षणाप्रमाणेच खत द्यावे. वाहून जाणारे खत म्हणजे वाहून जाणारा पैसाच. चौथी, निर्माल्याचे खत करावे व मूर्ती कृत्रिम हौदात विसर्जित कराव्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने यासंबंधी २०१० मध्ये सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. पाचवी, गाळ काढावा. भारतीय जैन संघटनेने २०१८ पासून बुलढाणा जिल्ह्यात यंत्रे पुरवून गाळ उपसण्याचे मोठे काम उभे केले आणि तो सुपीक गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. मात्र गाळ काढल्याने साठा वाढतो. घाण येणे चालूच राहिले तर स्वच्छता टिकत नाही. म्हणून हा क्रम उलटा करू नये.

सहावी गोष्ट सर्वांत सोपी आहे. इटलीतील धर्मगुरू व शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी एक तबकडी वापरली. आज तलावांसाठी वीतभर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याची पारदर्शकता. दर महिन्याला एकाच जागी, एकाच वेळी मोजून वहीत आकडा लिहावा. आयुष्यभर मीटरने कापड मोजणाऱ्या समाजाला हे मापन कठीण नाही. आकडा घसरू लागला, की शेवाळ दिसण्याआधीच गाव सावध होईल, आणि ग्रामपंचायतीपुढे तक्रारीऐवजी पुरावा ठेवता येईल.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्था इमारती उभारतात, कोनशिला बसवतात. ते योग्यच आहे. त्याबरोबर भोजनशाळेच्या आणि प्रत्येक श्रावकाच्या घराच्या सांडपाण्यासाठी एक शोषखड्डा, आणि जवळच्या एका जलाशयाची पारदर्शकता नोंदविणारी एक वही, एवढा संकल्प व्हावा. पूर्वजांनी गाळून घेण्याचा नियम दिला. सोडण्यापूर्वी गाळण्याचा नियम या पिढीने पाळावा, म्हणजे शताब्दी महोत्सवास जमणाऱ्या नातवंडांना बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात आपले तोंड पाहता येईल.

जय जिनेंद्र.